पॉइंट टू टूची थंडी

थंडी पडली, मंडईत हुरड्याची हिरवी कणसं आली, की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझ्या नाकात बंदुकीच्या दारूचा वास शिरतो. घरात हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. परवा मोहोळच्या अलीकडे एका मैत्रिणीच्या शेतावर आम्ही सत्तरी गाठलेल्या सात-आठ बायका हुरड्याला जमलो होतो. आगटीतून गरम कणसं निघत होती, तळहात भाजत आम्ही ती चोळत होतो, शेंगदाण्याची चटणी या ताटातून त्या ताटात फिरत होती. मी सहज बोलून गेले, "अगदी पॉइंट टू टूचा वास येतोय गं." एकीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि दुसरीनं माझं ताट जरा लांब सरकवलं.

त्यांना तरी काय म्हणणार! त्यांच्या कॉलेजच्या वयातल्या थंडीत गाण्याच्या भेंड्या होत्या, नवे स्वेटर होते. माझ्या एका थंडीत रायफल होती. बहात्तरचा दुष्काळ मागे पडला होता आणि बऱ्याच दिवसांनी ज्वारी डोक्याएवढी उभी राहिली होती. सोलापूरच्या आमच्या कॉलेजच्या छात्रसेनेतल्या मुलींना रविवारी सकाळी ट्रकमध्ये घालून कुंभारीच्या बाजूला माळावर नेत. तिथं मुरमाचा एक उंच बांध घातलेला होता, त्याच्या पोटाशी निशाणाचे कागद लावायचे आणि पंचवीस यार्डांवरून पालथं झोपून गोळ्या झाडायच्या. दोन्ही अंगांना ज्वारीची शेतं. शेतात आगट्या पेटलेल्या. शेणकुटाचा धूर, हिरव्या दाण्याचा भाजका गोडसर वास आणि त्यात आमची बंदुकीची दारू, असं सगळं एकदम नाकात जायचं. पन्नास वर्षं झाली तरी त्यातलं एक दुसऱ्यापासून वेगळं काढता आलेलं नाही.

ट्रकमध्ये आमच्या पायांत ठोकळ्यासारखे बूट असत. माझे दोन नंबरांनी मोठे होते, पुढे कापूस कोंबून घालायची. वाटेतले लोक ट्रककडे बघून हसायचे. नातेवाइकांना वाटायचं की आम्ही गड्ड्याच्या जत्रेतले फुगे फोडतो तशी छऱ्याची बंदूक चालवतो. "छऱ्याची नव्हे हो, खरी गोळी," असं सांगितलं की आमच्या मावशी दचकायच्या आणि पुन्हा त्याच श्वासात विचारायच्या, "पण फुगे फुटतात ना नीट?"

खरी गोळी होती, पण काय ती गोळी! करंगळीच्या वरच्या पेराएवढी. खाली पितळेचं पिवळं नळकांडं, वर शिशाचं मऊ, करडं टोक. बोटाला किंचित तुपकट लागायचं. रायफल मात्र चांगली चार किलोची, खांद्याला लावली की माझी मान वाकडी व्हायची. एवढ्या मोठ्या देहाच्या नळीचं तोंड इतकं लहान की त्यात पेन्सिलसुद्धा जाणार नाही. पॉइंट टू टू म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, असं आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांनी सांगितलं तेव्हा मी पट्टी काढून वहीत रेघ मारून पाहिली होती. या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते मोहोळचेच. हुकूम हिंदीत सोडायचे, समजावून मात्र घरच्या बोलीत सांगायचे.

एका रविवारी त्यांनी दोन रिकामी नळकांडी शेजारी शेजारी ठेवली. एक मोठ्या रायफलचं, एक आमचं. मोठ्याच्या बुडाला बरोबर मधोमध एक गोल टिकली बसवलेली होती. तिच्यात ठिणगीचा मसाला; घोड्याची पिन टिकलीवर आपटली की तो पेटतो आणि आतली दारू पेटवतो. मी आमचं नळकांडं उलटंपालटं करून पाहिलं. बूड सपाट, टिकली नाहीच.

"उस्ताद, मग हिची ठिणगी कुठं आहे?"

बाकीच्या मुलींनी उसासे टाकले, कारण मी एकदा विचारायला लागले की चहा लांबायचा. उस्ताद मात्र खूश झाले.

"कडंला हाय. ही किनार बगा. पितळ दुमडून घडी घातल्यागत हाय की न्हाय? त्या घडीत मसाला. वला आसतानाच आत टाकून गरागरा फिरिवत्यात, मग त्यो आपसूक कडंला जाऊन बसतुया. पिन मधी मारतच न्हाय. किनारीवर मारती, किनार चेपती, की पेटलं."

"म्हणजे किनार चेपण्याइतकी मऊ हवी."

"व्हय. म्हणून पितळ पातळ. आन् पातळ हाय म्हणून लई दारू सोसत न्हाय. मोटी करायची म्हनली तर पितळ जाड करावं लागंल, मग पिन चेपनार कशी?"

"म्हणजे ही गोळी कधी मोठी होऊच शकत नाही?"

"न्हाय. हाय तेवडीच ऱ्हानार. पर ल्हान म्हणून हसू नगा. सुटली तर दीड किलोमीटर जाती. मदी कोन आलं ते बगत न्हाय."

मला त्या सकाळी काय झालं ते सांगता येत नाही, पण मी त्या किनारीच्या प्रेमातच पडले. जिची ताकद कडेच्या घडीत लपवलेली आहे, आणि त्या लपवण्यामुळेच जिला लहान राहावं लागतं, अशी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. रांगेत उंचीप्रमाणे उभं राहिलं की मी शेवटची असायचे, त्याचाही काही संबंध असेल. मग प्रत्येक नियमामागे तीच किनार दिसायला लागली. रायफल रिकामी असताना उगाच चाप ओढू नका, असं उस्ताद पहिल्या दिवसापासून ओरडत होते. आता कळलं, गोळी नसेल तर पिन थेट नळीच्या काठावर आपटते, तिचं टोक बोथटतं आणि काठालाही खड्डा पडतो. गोळी असली की मध्ये पितळ येतं, ते मार खातं आणि दोघांना वाचवतं.

आमच्यात नेमबाज म्हणावी अशी एकच, पद्मा. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, त्यांवर चादरी निघायच्या. माग सुरळीत ठेवण्यात तिच्या वडिलांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. वडिलांना ती नान्ना म्हणायची, आणि दर दोन वाक्यांनी "नान्ना म्हणतात" असायचंच. पालथी पडून गाल रायफलला टेकवला की पद्मा पार बदलायची. एरवीची तिची बडबड थांबायची. ताण्याचा तुटलेला धागा जोडताना तिच्या घरी बायका जसा श्वास धरतात, तसा ती धरायची. तिच्या पाच गोळ्यांची भोकं निशाणावर एकमेकींना चिकटून यायची. माझी पाच भोकं कागदभर फिरायला गेल्यासारखी असायची.

जानेवारीअखेर पुण्याला कॅम्प होता, तिथं नेमबाजीच्या चढाओढीला आमच्यातल्या चौघी जाणार होत्या. पद्माचा पहिला नंबर ठरल्यातच जमा होता. माझा पाचवा, म्हणजे कुणी आजारी पडलं तरच. पद्मा सोलापूरच्या बाहेर कधी गेलेली नव्हती. तिनं नान्नांकडून परवानगी कशी काढली ते ती मला चार वेळा सांगून चुकली होती, आणि पाचव्यांदा सांगायची तयारी होती. कॉलेजात, ट्रकमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी तिच्या तोंडात पुणं होतं. इतकी आशा लावून बसलेलं माणूस मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

आणि डिसेंबरच्या एका रविवारी गोळ्या फुटेनात.

"अपने अपने टार्गेट पर, पाँच राउंड, फायर!" उस्तादांचा हुकूम सुटला. आमच्या चार रायफली. पहिली फट्ट वाजली. दुसरी वाजली. पद्मानं चाप ओढला तर नुसतं 'टक'. तिनं मान वळवून बघितलं.

"हलायचं न्हाय!" उस्ताद गरजले. "नळी समोर. तीस मोजा."

गोळी वाजली नाही तरी ती मेली असं धरायचं नसतं. कधी आत धुमसत असते आणि चार सेकंदांनी सुटते. म्हणून नळी बांधाकडेच ठेवून तीसपर्यंत मोजायचं, मग बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे तीस आकडे ते. पद्मा पुटपुटत होती, ओकटी, रेंडू, मूडू. मी शेजारी मराठीत मोजत होते. ज्वारीवर पोपटांचा थवा उतरलेला, पानं खरबरत होती, कुठंतरी कुणी पाखरं हाकलायला पत्रा बडवत होतं. तीस झाले. बोल्ट उघडला. गोळी साबूत, किनारीवर फक्त एक हलका ओरखडा.

त्या सकाळी अशा सात गोळ्या गेल्या, चारही रायफलींत. उस्तादांनी त्या एका डबीत वेगळ्या ठेवल्या. खोकं नवीनच फोडलेलं होतं. "खोकंच सादळल्यालं दिसतंय," ते म्हणाले, आणि न फुटलेल्या गोळ्यांची नोंद रेंजच्या वहीत केली. पुढच्या रविवारी पुन्हा बघायचं ठरलं. तेव्हाही असंच झालं तर खोकं परत जाणार. दुसरं येईपर्यंत आमचं फायर बंद, आणि सराव नाही म्हणजे पुण्याला टीमही नाही. परतताना ट्रकमध्ये पद्मा बोटांवर पुण्यापर्यंतचे रविवार मोजत होती.

माझे अप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. संध्याकाळी दुकानात त्यांच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं, ओरखड्यासकट. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता ऐकलं. त्यांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण ठोका कळत होता.

"फुटलेल्या गोळ्यांवरची खूण कशी होती?"

"बघितली नाही."

"मग काय बघितलंस, सुमा? न चाललेलं एकटं बघून काही कळत नाही. चाललेलं शेजारी ठेवायचं." आणि त्यांनी ड्रॉवरमधलं जुनं भिंग मला दिलं. "जा घेऊन. काय दिसलं ते मला येऊन सांग."

पुढचा रविवार. त्या दिवशी तर पहिल्या फेरीतच पाच गोळ्या मुक्या राहिल्या. उस्तादांनी फायर थांबवलं आणि वही काढली. मी भिंग घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले आणि महिन्याच्या सुरुवातीची रिकामी नळकांडी मागितली. ती त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात होती, परत करायची म्हणून. मी जमिनीवर रुमाल पसरला. एका बाजूला महिन्याच्या सुरुवातीची, एका बाजूला आजची फुटलेली, खाली न फुटलेली.

भिंगातून ती किनार केवढी मोठी दिसते! जुन्या नळकांड्यांवर पिनेचा घाव खोल होता, पितळ आत दबलेलं. आजच्या फुटलेल्यांवर तोच घाव निम्म्याहून उथळ. न फुटलेल्यांवर नुसता डाग. मला अक्षरशः आनंदानं उडी मारावीशी वाटली. मसाला खराब असता तर घाव खोल पडून गोळी मुकी राहिली असती. इथं घावच बसत नव्हता.

"उस्ताद, गोळ्या चांगल्या आहेत! पिन कमी जोरानं मारतेय. चारही रायफलींत!"

उस्तादांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. मुली भोवती जमल्या. मी बोलतच सुटले होते. जास्त तेल घातलेलं घड्याळ कसं आळसावतं, तेल धुळीला धरून कसं बसतं आणि थंडीत कसं घट्ट होतं, अप्पा सुईच्या टोकावर राहील एवढंच तेल कसं घालतात, सगळं. उस्तादांनी एक बोल्ट काढला, आपल्या अवजारानं त्यातली स्प्रिंग आणि पिन बाहेर ओढली. आतून काळपट, चिकट तेल त्यांच्या मनगटावर ओघळलं.

"असं कुणी करतं का!" मी म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले. "ज्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही त्याचंच काम हे."

माझ्या मागून पद्माचा आवाज आला. "मी घातलं, उस्ताद."

छात्रसेनेचा नियम असा, की फायरच्या आधी रायफल कोरडी पुसायची, तेल नंतर. पद्माला नियम पाठ होता. पण आदल्या दिवशी रायफली पुसायला ती आपणहून पुढं व्हायची, आणि मिळणारं तेल तिला फारच थोडं वाटायचं. लोखंड लोखंडाला घासतं तिथं तेल हवंच, हे तिच्या घरातलं पहिलं शिक्षण. तिनं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून मागाचं तेल आणलं आणि चारही बोल्टमध्ये मनापासून ओतलं. मग गोळ्या फुटेनात म्हणून ती घाबरली, आणि घाबरून पुढच्या शनिवारी आणखी ओतलं.

मला हे ठाऊक नव्हतं, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. उस्तादांच्या मनगटावर तेल ओघळलं तेव्हाच मी वास ओळखला होता. तो पद्माच्या घराचा वास होता. दारातून आत पाऊल टाकलं की सूत, खळ आणि हेच तेल. मला वास आला, आणि तरीही मी ते वाक्य बोलले, कारण मला इतकं काही सापडलं होतं की थांबवेना. त्या क्षणी मला माझ्या पाचव्या नंबरची आठवण होती का? नव्हती. बहुतेक नव्हती. या 'बहुतेक'पाशी मी अजून अडते.

माणसाच्या कुतूहलाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मीही पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि मुलांना विचारा, शोधा, उघडून बघा असंच सांगत राहिले. ते बरोबरच होतं. पण एखादी हुशार मुलगी सगळ्या वर्गासमोर दुसरीची चूक उलगडून दाखवायला लागली, डोळे चमकायला लागले, की मी तिला मध्येच फळा पुसायला पाठवायचे. तिला वाटायचं बाईंना माझं कौतुक नाही. मला माझीच भीती वाटायची.

उस्ताद पद्मावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वहीकडे बघत म्हणाले, "गोळ्या फुटल्या न्हाईत ह्ये लिवलंय. आता का फुटल्या न्हाईत त्ये लिवायला लागंल. हत्यारात भायेरचं तेल घातलं, आन् कुनी घातलं, त्येबी. ज्येचं नाव हितं आलं, ती टीममदी जाऊ शकत न्हाय. माज्या हातात न्हाय, पोरी."

"व्हय, उस्ताद," पद्मा म्हणाली.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून चारही बोल्ट पुसून घेतले. चिंध्यांवर चिंध्या काळ्या झाल्या. ऊन वर आलं होतं, शेतातली माणसं न्याहारीला बसली होती. बोल्ट कोरडे झाले तशी उस्तादांनी दोन्ही रविवारच्या मुक्या गोळ्यांची डबी काढली. बारा गोळ्या.

"ह्या चांगल्या हायेत म्हणतीया न्हवं ही? मंग सिद्द करावं लागंल. किनारीला एकीकडं पिन लागली, तितला मसाला ऱ्हायला. गोळी जरा फिरवून भरली, म्हंजे दुसऱ्या कडंला पिन बसंल." आणि डबी त्यांनी माझ्याकडे नाही, पद्माकडे दिली. "टीममदनं काडलंय तुला. रेंजवरनं न्हाय."

पद्मा पालथी झाली. एकेक गोळी घ्यायची, बोटांनी किनार चाचपायची, ओरखडा खाली येईल अशी फिरवून भरायची. फट्ट. पुन्हा फट्ट. प्रत्येक वेळी आम्ही श्वास धरून होतो, आणि प्रत्येक वेळी ती वाजली. ज्यांना आम्ही मेलेल्या समजत होतो त्या बाराच्या बारा गोळ्या, नुसती दुसरी बाजू मिळाली म्हणून.

कागद आणला तेव्हा त्यावर बारा भोकं नव्हतीच. एकच होतं, फाटक्या कडांचं, अंगठ्याच्या नखाएवढं. संबंध मोसमात एवढं घट्ट निशाण कुणाचं आलं नव्हतं. पण ही चाचणीची फेरी. ती नोंदीत धरत नाहीत. मी उस्तादांना म्हटलं, माझं नाव काढा, हिला घ्या. ते म्हणाले, "आता तुज्या म्हनन्यानं काय व्हतंय?" पद्मा सतरंजी गुंडाळत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

पुण्याला मी गेले. हे मला लपवता येणार नाही, मी आनंदानं गेले. पहिला मोठा प्रवास, नवे बूट. तिथं पहिल्या दिवशी मी बोल्ट उघडून पाहिला, छान कोरडा होता. मुळशीकडची एक उंच मुलगी पहिली आली. मी खालून मोजायला सोपं पडेल अशा ठिकाणी आले.

परत आल्यावर चार दिवस मी पद्माकडे गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. दोन्ही माग चालू होते, ती कांड्यांवर सूत भरत बसली होती. मला बघून उठली, दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "नान्नाला तेलाचं ठाऊक न्हाय. नंबर लागला न्हाय म्हणून सांगितलंय. तू बोलू नको." मी मान डोलावली. मग आम्ही मागाशेजारी उभ्या राहिलो आणि तिनं कॅम्पचं सगळं विचारून घेतलं. जेवण कसं होतं, झोपायला काय होतं, पहिली आली तिची भोकं कशी बसली. मी बोटांनी अंतर दाखवलं. ती त्या अंतराकडे बघत राहिली.

"खरं सांग की. मी असते तर?"

"पहिली आली असतीस."

"ऐकू न्हाय आलं."

आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिनं हात लांब करून एका मागाचा दांडा ओढला, मग पलीकडे जाऊन दुसऱ्याचाही. खोली एकाएकी इतकी शांत झाली की माझ्या कानात शीळ वाजायला लागली. आतून तिचे वडील हात पुसत धावत आले. "एमैंदी?" म्हणजे काय झालं. भर दिवसा त्या घरात दोन्ही माग कधी थांबत नव्हते.

"नान्ना, ही काय म्हणती ऐका," पद्मा म्हणाली. आणि मला, "सांग त्यांना. मराठी समजतं त्यांना."

मी सांगितलं. "पद्मा पुण्याला आली असती तर पहिली आली असती, काका. सगळ्यांत पहिली."

ते लेकीकडे बघायला लागले. जणू ती आत्ता दारातून आत आली आहे. मग माझ्याकडे वळले आणि त्यांच्या तोडक्या मराठीत साधा प्रश्न विचारला, "मग का नाय नेलं तिला?"

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. तेलाचं बोलायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं.

"माझ्यामुळं," मी म्हणाले.

ते पुढं काही विचारणार तेवढ्यात पद्मानं दांडा ढकलला. माग धडधडायला लागला, त्यांचे ओठ हललेले दिसले पण शब्द बुडाला. ती वाकून तुटलेला धागा शोधत राहिली आणि माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाली, "झालं. आता जा तू."